सोळा तारखेची लेबलं

बारा मेच्या मंगळवारी दुपारी लेबलांच्या प्रिंटरची रिबन तुटली, आणि मला कळलं की आमच्या घरात कोणीतरी सोळा मे आधीच छापून ठेवली आहे. रिबन म्हणजे काळ्या मेणाचा पातळ पट्टा. यंत्रात तापून अक्षर स्टिकरवर उतरतं आणि पट्ट्यावर त्याच अक्षराची रिकामी, आरपार दिसणारी जागा राहते. त्यामुळे वापरलेली रिबन खिडकीकडे धरली की आजवर छापलेलं सगळं ओळीने वाचता येतं. ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते, आणि ज्यांना माहीत असते त्यांनी शक्यतो लग्न करू नये. मी तुटलेलं टोक शोधायला गुंडाळी उलगडत बसलो होतो. शेवटची छपाई माझी, पाच मेची, साठ लेबलं, असं मी धरून चाललो होतो. पण पाच मे संपली तरी पट्टा संपेना. 'देवकी घरगुती उत्पादने. मिस्कूट. वजन चारशे ग्रॅम. पॅक केल्याची तारीख १६ मे.' एकदा नव्हे, अठ्ठेचाळीस वेळा. मी दोनदा मोजलं. भिंतीवरचं कॅलेंडर अजून बारावरच होतं.

देवकी माझी बायको. मिस्कूट म्हणजे आमचं कैरीचं लोणचं. ते तिचं आणि लेबल माझं, अशी वाटणी आहे. डिचोलीकडच्या एका खाणीवर मी वीस वर्षं वजनकाट्यावर कारकून होतो. ट्रक काट्यावर चढायचा, यंत्र करकरत चिठ्ठी ओकायचं, मी ती फाडून द्यायचो. खाण बंद पडली आणि मी पेडण्याला घरी येऊन बसलो. बायकोच्या धंद्यात नवऱ्याला काय काम द्यावं हा प्रश्न तिने वर्षभर घोळवला आणि शेवटी प्रिंटर घेतला. त्याआधी म्हापशाच्या एका छापखान्यातून एकदम हजार लेबलं यायची आणि तारीख बॉलपेनने घालावी लागायची. दमट हवेत ती पसरून दोनाचे आठ व्हायचे. आमच्याकडे हे चालत नाही. बाहेरचे लोक बाटलीवर ती कधीपर्यंत टिकेल ते बघतात, आमचे लोक ती कधी भरली ते बघतात. पार्सेच्या रुक्मिणीवहिनी तर चष्मा पुसून तारीख वाचतात आणि मग डोळे मिटून त्या दिवशी अमावास्या होती का, ग्रहण होतं का, घरात सोयरसुतक होतं का, सगळं मनात पडताळून मग बाटली पिशवीत घालतात. त्यांच्यापुढे सरकारी अन्न निरीक्षक म्हणजे पोर. तेव्हा तारीख स्वच्छ छापणं हे या घरातलं जबाबदारीचं काम आहे, आणि ते मी करतो. देवकी प्रिंटरला 'तुमचा मशीन' म्हणते. तीन वर्षांत तिने त्याला बोट लावलेलं मी पाहिलं नव्हतं. आता दिसत होतं की मी पाहत नसताना लावलं होतं, आणि व्यवस्थित लावलं होतं. एकही लेबल तिरकं नव्हतं. त्याचं मला जास्त लागलं.

तसा मी संशयी माणूस नाही. म्हणजे असतोच, पण काट्यावर वीस वर्षं काढलेल्या माणसाला दुसरं काय जमणार? रिकामा ट्रक किती, भरलेला किती, मधला फरक कुणाचा, हे बघण्यात आयुष्य गेलं. उदाहरणार्थ, दर हंगामाच्या शेवटी माझ्याकडे एक लेबल उरतं. बाटल्यांइतकीच मोजून छापलेली असतात, तरी एक उरतं. बरणीतून एक बाटलीभर मिस्कूट कुठेतरी बिनलेबलाचं जातं, हे मी ताडलं होतं आणि आमच्याकडे भरायला येणाऱ्या गौरवीवर तीन वर्षं नजर ठेवून होतो. गौरवी मध्यम वयाची, हसऱ्या तोंडाची बाई. तिच्या पिशवीत कधी काही सापडलं नाही, त्यामुळे माझा संशय अधिक पक्का झाला होता. पण अठ्ठेचाळीस लेबलं, तीही न उगवलेल्या दिवसाची, हे गौरवीच्या आवाक्यातलं नव्हतं. मी रिबन गुंडाळून खिशात ठेवली आणि मागचा आठवडा त्या पट्ट्यासारखाच उजेडाला धरून बघू लागलो.

सहा तारखेला, बुधवारी, देवकी डिचोलीला बाटल्यांची झाकणं आणायला म्हणून गेली. झाकणं म्हापशाला मिळतात. संध्याकाळी ती आली ती झाकणांशिवाय, आणि तिचे केस ओले होते. मी विचारलं तर उकडत होतं म्हणाली. उकडतं म्हणून बायका डिचोलीला जाऊन न्हातात हे मला नवीन होतं. पन्नाशी ओलांडलेल्या बायकोवर त्या जातीचा संशय घेणं हास्यास्पद आहे हे मला कळत होतं, आणि हास्यास्पद आहे म्हणून तो जात नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी वर्तमानपत्राच्या सहाव्या पानाला भोक होतं. कातरीने कापलेला चौकोन, काड्यापेटीपेक्षा थोडा मोठा. देवकी म्हणाली, पाककृती होती. आमच्या घरात पाककृती कापून ठेवणारं माणूस तीस वर्षांत झालेलं नाही. त्याच दिवसापासून जेवणातली फोडणी गेली. डाळ नुसती शिजलेली, कढी पांढरी, भाजीवर मोहरी नाही. ती रात्री खाली चटईवर निजू लागली, पाठ धरलीय म्हणून. आणि मग सगळ्यात विचित्र गोष्ट. संध्याकाळी मी बाहेरच्या सोप्यावर बसलो होतो, तर आतून म्हणाली, "आज देवाकडे दिवो तुमीच लावा." मी देवाधर्मातला नव्हे हे सगळ्या वाड्याला ठाऊक आहे. का म्हणून विचारलं, तर म्हणाली, "कधीतरी लावूक काय जाता?" मी लावला. वात तिरपी पेटली. ती दारात उभी राहून बघत होती, देवघराच्या उंबऱ्याबाहेर, जशी पाहुणी. तेव्हापासून रोज मीच लावत होतो. आता खिशातली रिबन चाचपताना मला वाटलं, ही मला काहीतरी शिकवते आहे. एकटं राहायला.

बुधवारी, तेरा तारखेला, तिने मला मिस्कुटाला मीठ घालायला सांगितलं. आधी मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. आमच्यात मीठ घरच्याच माणसाने घालायचं, बाहेरच्या हाताने लोणचं बिघडतं असं मानतात, म्हणून गौरवी कापते, भरते, पण मिठाला हात लावत नाही. आणि घरच्यांतही माझ्या हाताला आजवर मनाई होती. देवकी चार हात लांब स्टुलावर बसून सांगत होती, किती मुठी, कशा, कुठून ढवळायचं. बरणीला तिने स्पर्श केला नाही. मी म्हटलं, तू का घालत नाहीस. ती म्हणाली, "तुमचो हात चांगलो आसा." तीस वर्षांत तिला हे पहिल्यांदा सुचलं होतं. गौरवी खाली मान घालून कैऱ्या कापत होती, आणि तिच्या हसऱ्या तोंडावर हसू नव्हतं.

कैरीच्या फोडी मिठात कोपरापर्यंत ढवळताना नखांच्या कडा चुरचुरल्या आणि मला भलतंच आठवलं. लहानपणी कैरी आम्ही दाराच्या सांध्यात धरून फोडायचो. दार लोटलं की कड् आवाज व्हायचा, कोय उघडी पडायची आणि चीक मनगटावर उडायचा. दार लोटायचं काम माझ्या मोठ्या भावाचं, कृष्णनाथचं. वाटणीही तोच करायचा. मोठा अर्धा माझ्या हातात द्यायचा आणि मग मोठा कसा काय गेला म्हणून दिवसभर बोलून दाखवायचा. अकरा वर्षं मी त्याच्याशी बोललेलो नाही. तो डिचोलीला राहतो, त्याचे दोन ट्रक आमच्याच खाणीवर होते. काट्यावर तेव्हा काय चालायचं ते सगळ्यांना माहीत होतं. इशारा आला की चिठ्ठीवरचा आकडा थोडा इकडे, थोडा तिकडे व्हायचा, आणि तो मी करायचो, मुकाट्याने, कोणासाठीही. एक दिवस कृष्णनाथ खिडकीत आला आणि हळूच म्हणाला, आज जरा माझंही बघ. मी बघितलं नाही. वर जरा मोठ्याने बोललो, रांगेतल्या चार ड्रायव्हरांना ऐकू जाईल असं. त्याची गाडी परत गेली, मग त्याचं काम गेलं. अख्ख्या खाणीत मी एकाच माणसाशी प्रामाणिक राहिलो आणि तो माझा भाऊ होता. त्यानंतर आई गेली. तिच्या बाराव्याला जेवणाच्या पंगतीत तो मला म्हणाला की तुझ्यापेक्षा तुझं यंत्र बरं, ते निदान बोलत नाही. मी हातातला तांब्या खाली ठेवला आणि सगळ्यांदेखत सांगितलं की हा मेला तरी माझ्या कानावर घालू नका. पंगत थांबली. देवकी वाढत होती. तिच्या पळीतलं वरण पानावर पडायचं ते हवेत थांबलेलं मला अजून दिसतं. "काका, मीठ पुरे," गौरवी म्हणाली. मी एक मूठ जास्त घातली होती.

त्या बरणीतल्या बारा बाटल्या गौरवीने लगेच भरल्या आणि मी नवी रिबन चढवून त्यांना तेरा मेची लेबलं लावली. माझ्या हाताचं मिस्कूट, माझीच तारीख. बाकीची बरणी देवकीने झाकून ठेवायला सांगितली. ती शनिवारी भरायची म्हणे, रुक्मिणीवहिनींच्या नातवाच्या मुंजीला अठ्ठेचाळीस बाटल्या द्यायच्या आहेत. शनिवार म्हणजे सोळा. इथपर्यंत तिने सरळ सांगितलं. पण मग लेबलं माझ्यापासून लपवून का छापली, हे तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. काट्यावर एक शिकलो होतो. ट्रकवाल्याला प्रश्न विचारायचा नाही. त्याला पुढे जाऊ द्यायचं आणि मागून टायर बघायचे.

गुरुवारी टायर दिसले. परसात कोकमाच्या झाडाखाली ती फोनवर होती, माझ्याकडे पाठ करून. मी न्हाणीच्या आडोशाला उभा होतो. तिथे उभं राहायला मला काही कारण नव्हतं, म्हणून मी एक रिकामी बादली हातात घेतली. "सोळापर्यंत त्यांका कायएक कळूक नको," ती म्हणत होती. मग बराच वेळ नुसती हं, हं. मग, "मी आसय ना. तू रडा नको." माझ्या मनात सगळं एकदम जुळलं. तिचा भाऊ प्रवीण बांद्याला असतो. त्याने गेल्या दिवाळीत हसत हसत म्हटलं होतं, ताई, महाराष्ट्रात ये, मोठी जागा देतो, यंत्रं टाकू. परवाना तिच्या नावावर, कृती तिच्या हातात, गिऱ्हाईक तिचं. लेबलावर नाव तिचं. ते तर मीच छापलं होतं, हजारो वेळा, ठळक. आता छपाईही तिला येत होती. मला दिवा लावायला शिकवून झालं होतं, मीठ घालायला शिकवून झालं होतं. सोळाला बाटल्या पोचवायच्या आणि तशीच पुढे बांद्याला जायची, आणि मागे मी, एक बरणी आणि तिरपी वात. प्रवीण रडत का होता हे तेवढं बसत नव्हतं. पण संशयाचं वैशिष्ट्य हे की न बसणारी गोष्ट त्याला पुरावा वाटते.

संध्याकाळी नाक्यावर चहाला गेलो तर महादेवच्या हॉटेलात चौघे बोलत होते ते थांबले. महादेवने चहा दिला आणि माझ्यासमोरचं टेबल पुसत राहिला, स्वच्छ असलेलं. कोणीतरी हवेबद्दल बोललं. म्हणजे सगळ्या पेडण्याला ठाऊक होतं. आमच्या गावाला गुपित ठेवता येत नाही असं म्हणतात ते खोटं आहे. गावाला गुपित उत्तम ठेवता येतं, फक्त ज्याचं असतं त्याच्यापासून. घरी आलो, दिवा लावला. चटईवर देवकी भिंतीकडे तोंड करून निजली होती. तिच्या केसांना तेल नव्हतं. तिची सुटकेस माळ्यावर होती तिथेच आहे का, हे मी स्टुलावर चढून बघितलं. होती. वर धूळही होती. धूळ बघून मला बरं वाटलं आणि लगेच वाटलं की ती नवीन घेईल.

शुक्रवारी म्हापशाचा बाजार. दर शुक्रवारी मी बाटल्या घेऊन जातो. देवकी म्हणाली, "ह्या शुक्रवारी म्हापशाक जाऊ नकात. ऊन आसा." मे महिन्यात गोव्यात ऊन असणं हे काही तिला आजच कळलं नव्हतं. म्हणून मी गेलो. दाढी केली, धुतलेला शर्ट घातला, बारा बाटल्यांचं खोकं बसच्या मागल्या सीटखाली सारलं. परेशचं दुकान बाजाराच्या मिरचीच्या गल्लीत आहे. आमची बाटली त्याच्याकडे दहा वर्षं जाते. मला बघून तो उठून उभा राहिला. हे तो कधी करत नाही. माझ्या तोंडाकडे, मग हनुवटीकडे बघत राहिला.

"दाढी केली तुमी, सगुणबाब?"

मी म्हटलं, शुक्रवार आहे. त्याने खोकं उघडलं, एक बाटली वर काढली, तारीख वाचली, आणि ती अगदी हळू, काच गरम असल्यासारखी, परत आत ठेवली. "तेरा," तो म्हणाला. "ही राहू दे. सोळाच्या मागीर बघूया." मी विचारलं, सोळाला काय आहे. तो माझ्याकडे असा बघू लागला, जणू चूक माझी आहे, पण कोणती ते त्याला सांगता येत नाही. मग त्याला आत काहीतरी काम आठवलं. त्याच्या गल्ल्याशेजारी रद्दीची चळत असते, बाटल्या गुंडाळायला. मी तिथे उभा होतो आणि माझ्या बोटांना आपोआप कळलं की काय शोधायचं. सात मे, गुरुवार, पान सहा. भोक घरी होतं. चौकोन इथे असणार होता. मिरचीचा खकाणा नाकात जात होता, डोळे पाणावले होते, ते मिरचीनेच. आठ मे, पाच मे, परत आठ. सात मे खालून चौथा होता. सहावं पान मी उघडलं. डावीकडे खाली, काड्यापेटीपेक्षा थोडा मोठा.

फोटो जुना होता, त्यात त्याचे केस काळे होते. कृष्णनाथ, वय एकसष्ट, सहा मे रोजी पहाटे डिचोली येथे राहत्या घरी. त्यांच्या पश्चात पत्नी, कन्या सेजल, भाऊ सगुण, भावजय देवकी असा परिवार आहे. भाऊ सगुण. वीस वर्षं चिठ्ठ्या आणि तीन वर्षं लेबलं छापून छापलेल्या गोष्टीवर माझा विश्वास उरलेला नाही. पण ते नाव मी दोनदा वाचलं. कोणीतरी ते घातलं होतं. सेजलने असेल. घालू नको असं तिला कोणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं होतं आणि तरी घातलं होतं. परेश आतून बाहेर आला नाही. मी पान घडी करून खिशात ठेवलं, रिबनच्या शेजारी, आणि खोकं उचललं.

परतीच्या बसमध्ये मला रडू आलं नाही, आधी हसूच आलं. नऊ दिवस अख्ख्या घरात एकटा मी शुद्ध होतो. दिव्याला मी, मिठाला मी. सुतक ऐकल्यापासून लागतं, आणि मला कोणी ऐकवलं नव्हतं. ओले केस, पांढरी कढी, चटई, उंबऱ्यापलीकडून बघणं. ती माझ्या भावाचं सुतक माझ्याच घरात माझ्यापासून लपून एकटी पाळत होती आणि मी माळ्यावरच्या सुटकेसची धूळ तपासत होतो. फोनवर प्रवीण रडत नव्हता. सेजल रडत होती. माझ्या हिशेबात एवढी एकच गोष्ट बसत नव्हती आणि तेवढी एकच खरी होती. कोलवाळच्या पुलावर वाऱ्याने पाण्याचा वास आला. हाताला अजून मिठाचा वास होता. मला कैरी फुटल्याचा आवाज ऐकू आला, कड्, आणि मोठा अर्धा हातात आल्यासारखी मूठ वळली. पेडणे आलं तरी मी उठलो नाही. कंडक्टरने हाक मारली तेव्हा उतरलो.

देवकी सोप्यावर बसली होती. परत आलेलं खोकं तिने बघितलं, मग माझं तोंड. मी खोकं खाली ठेवलं आणि तसाच परसात विहिरीवर गेलो. घागर काढली आणि शर्टासकट, चपलांसकट डोक्यावर ओतली. दुसरी ओतली. तिसरी ओतताना दिसलं, ती कोकमाखाली पंचा घेऊन उभी आहे.

"कोणी सांगितला?"

"कोणी नाही. वाचलं."

तिने पंचा पुढे करून मागे घेतला, कारण मी अजून ओतत होतो. मग म्हणाली, "तुमीच म्हणालात." आवाजात ना राग होता ना माफी, एखाद्या बाटलीवरचा मजकूर वाचावा तसं. मी हो म्हटलं. मी विचारलं, कशाने. झोपेत, ती म्हणाली, त्रास झाला नाही. मग पंचा माझ्या खांद्यावर टाकत, "दर वर्षाक एक बाटली जाय तेका. गौरवीच्या भावाच्या हाती. बिनलेबलाची. लेबल तुमचा, म्हणून." मी विचारलं, खायचा का. "मीठ कमी म्हणी," ती म्हणाली.

उशिरा कळणाऱ्याला शास्त्रात सवलत असते. दहा दिवसांच्या आत कळलं तर उरलेलेच दिवस पाळायचे. आज दहावा होता. त्या संध्याकाळी दिवा गौरवीने लावला, आम्ही दोघं उंबऱ्याच्या अलीकडे बसलो होतो. फोडणी नसलेली डाळ जेवलो. मग मी प्रिंटरच्या टेबलाचा खालचा खण ओढला. लेबलं तिथेच होती, जुन्या कॅलेंडरच्या पानात गुंडाळलेली, सरळ कापलेली. सोळाला मला सांगितल्यावर माझा हात छपाईला चालला नसता, म्हणून तिने ती आधीच करून ठेवली होती. तारीख बरोबर होती. दोघांचं सुतक एकाच दिवशी सुटणार होतं, आणि हे तिने माझ्या आधी, मला काही कळायच्या आधी, छापून ठेवलं होतं. अठ्ठेचाळीस बाटल्या, अठ्ठेचाळीस लेबलं. सवयीने मी पुन्हा मोजली. या वर्षी एकही उरणार नव्हतं.